पुस्तक आधीचं, पिच्चर नंतरचा

भाचा सुट्ट्यांत आला की दुपारी करायचं काय हा आमच्याकडे मोठा प्रश्न असते, कारण नागपूरच्या मे महिन्यात बारा ते पाच कोणी शहाणा माणूस बाहेर पडत नाही आणि भाचा मोबाईलमधून डोकं वर काढत नाही. यावेळी त्यानंच विचारलं, मामा, तो पोप निवडायचा पिच्चर आहे ना, धूर वगैरे निघते तो? २०२५च्या मे महिन्यात खरा पोप निवडला तेव्हा त्यानं चिमणीतून पांढरा धूर निघतानाचे रील पाहून ठेवले होते, तेवढीच त्याची माहिती. म्हटलं आहे, आणि एकदम जुना आहे, तू तेव्हा पाळण्यात असशील. ‘एंजल्स अँड डीमन्स’, २००९चा. ॲपवर भाड्यानं घेतला, सव्वाशे रुपये गेले, आणि दोन तास अठरा मिनिटं कूलरसमोर बसून मी तो तिसऱ्यांदा पाहिला.

आधीच सांगतो, खाली सगळी स्टोरी फोडलेली आहे. सतरा वर्षांत पाहिला नसेल तर तुमची चूक.

माझं या पिच्चरशी जरा जुनं प्रकरण आहे. २००५-०६च्या आसपास डॅन ब्राऊनचं वेड सगळीकडे होतं. बसमध्ये, हॉस्टेलमध्ये, लग्नाच्या मांडवात, कुठंही कोणीतरी ‘दा विंची कोड’ वाचून राहिला असायचा. ओरिजिनल घ्यायची ऐपत नव्हती, मग बर्डीवर फुटपाथवरून त्याचं ‘एंजल्स अँड डीमन्स’ आणलं, साठ रुपयांत, पायरेटेड. कागद पिवळा, शाई कुठं फिकट कुठं गडद, आणि शेवटाकडे जाता जाता एकदम सोळा पानं गायब! म्हणजे व्हीलचेअरवाला शास्त्रज्ञ व्हॅटिकनमध्ये येतो, धर्मगुरूसोबत खोलीत जातो, दार बंद होते, आणि पान उलटलं तर सगळं उरकलेलं. आत काय झालं कोणाला माहीत. दुकानदाराकडे परत गेलो तर तो म्हणे भाऊ साठ रुपयांत अजून काय पाहिजे.

त्यामुळे २००९ला पिच्चर आला तेव्हा मी आणि माझा सदरचा दोस्त पहिल्याच आठवड्यात गेलो. दोस्त कॅथलिक, चर्चच्या गोष्टी तपासायला आला होता, आणि मी आलो होतो माझी सोळा पानं पाहायला. आणि पिच्चरमध्ये तो व्हीलचेअरवाला माणूसच नाही! पूर्ण पिच्चरभर नाही. मी दोन तास वाट पाहून राहिलो होतो बाप्पा.

तर गंमत अशी की पुस्तकांच्या क्रमात ‘एंजल्स अँड डीमन्स’ पहिलं आहे, २०००चं, आणि ‘दा विंची कोड’ २००३चं. पण जगभर गाजलं ते दुसरं, म्हणून पिच्चर आधी त्याचा निघाला, २००६ला, आणि मग आधीच्या पुस्तकाला पुढचा भाग बनवावं लागलं. पुस्तकात रॉबर्ट लँग्डन हा हार्वर्डचा साधा प्रोफेसर आहे, चिन्हं शिकवते, व्हॅटिकनमध्ये त्याला कुत्रं ओळखत नाही. पिच्चरमध्ये मात्र व्हॅटिकनवाल्यांना तो चांगलाच माहीत आहे आणि डोळ्यांत खुपते, कारण मागच्या भागात त्यानं चर्चच्या नाकात दम आणलेला. गॅलिलिओची कागदपत्रं पाहायची म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करून राहिला, यांनी दार उघडलं नाही, आणि आता अडचणीत आले तर स्विमिंग पूलवर माणूस पाठवून बोलावणं. हा बदल मला तेव्हाही आवडला आणि आत्ताही. नुसती तारखांची उलटापालट करून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं, पण यांनी त्या उलटापालटीतून भांडण काढलं. ज्याला घरात घ्यायचं नाही त्याच्याचकडे किल्ली मागायला जायचं, हे तर कोणत्याही मराठी घरातलं दृश्य आहे.

पहिला पिच्चर आठवत असेल तर आठवा. लँग्डन झालेल्या टॉम हँक्सचे ते लांब केस, आणि लोक खोल्यांमध्ये बसून एकमेकांना इतिहास सांगून राहिले. पुस्तकाशी इमानदार राहायच्या नादात पिच्चर करायचाच राहून गेला. डायरेक्टर दोन्हींचा तोच, रॉन हॉवर्ड, पण दुसऱ्या वेळी लिहायला अकिवा गोल्ड्समनसोबत डेव्हिड केपला घेतलं, तोच तो ज्यानं ‘जुरासिक पार्क’ लिहिला, आणि फरक लगेच दिसते. या वेळी लोक चालता चालता, गाडीत, पायऱ्या उतरताना इतिहास सांगतात. भाचा म्हणाला, मामा, हा माणूस पळतानाही लेक्चर देते का. देते. पण निदान पळते तरी.

केपनं कात्री कुठं कुठं चालवली ते पाहिलं तर मजा येते. पुस्तकात लँग्डन आधी एका भन्नाट वेगाच्या विमानानं जिनेव्हाला सर्न या फिजिक्सच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाते, तिथं प्रेत, छातीवर डागलेला शब्द, मग शंभरएक पानं विज्ञान आणि धर्मावर चर्चा, मग रोम. पिच्चरमध्ये विमान गेलं, जिनेव्हाची ट्रिप गेली, बीबीसीचा पत्रकार आणि त्याची कॅमेरावाली गेली, हिरो-हिरॉईनचं प्रेमप्रकरण गेलं, सर्नचा डायरेक्टर म्हणजे आमचा व्हीलचेअरवाला कोहलर, तोही गेला. आपण डायरेक्ट रोममध्ये. चार कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारे मोठे धर्मगुरू, पळवलेले, आठ वाजता एक मरणार, नऊला दुसरा, दहाला तिसरा, अकराला चौथा, आणि बाराच्या ठोक्याला व्हॅटिकन उडणार. माती, हवा, अग्नी, पाणी, चार तत्त्वं आणि रोममधल्या चार जागा. एका संध्याकाळीत सगळं. पिच्चर म्हणून हे बरोबरच आहे. सात वाजता सुरू झालेली गोष्ट बाराला संपते आणि मध्ये कोणी जेवत पण नाही.

मारेकऱ्याचा बदल तर पुस्तकापेक्षा चांगला आहे. पुस्तकात तो अरबस्तानातला क्रूर, बायकांच्या मागे असलेला वगैरे, म्हणजे एकदम छापील राक्षस. इथं चष्मा घातलेला, शांत, कारकुनासारखा माणूस आहे, काम करते, पैसे घेते. हिरो-हिरॉईन समोर असून मारत नाही कारण त्यांच्याकडे हत्यार नाही आणि त्यांचं काम कोणी सांगितलेलं नाही. दोस्त तेव्हा थेटरमध्ये म्हणाला होता, अबे हा तर आपल्या ऑफिसातला मोठा बाबू आहे, फाईलमध्ये नाव नाही म्हणजे हात लावणार नाही.

आता अँटीमॅटर, म्हणजे साध्या पदार्थाला टेकलं की दोन्ही नष्ट होऊन नुसती ऊर्जा उरते असा पदार्थ. पाव ग्रॅम अँटीमॅटर एका डब्यात, चुंबकानं हवेत धरून ठेवलेलं, बॅटरी संपली की ते डब्याला टेकणार आणि सगळं खल्लास. भाच्याचं बारावीचं फिजिक्स ताजं होतं, त्यानं कागदावर मांडलं, पाव ग्रॅम ते आणि पाव ग्रॅम साधं, गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग, आणि निघाले जवळपास दहा-अकरा किलोटन. म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या दोन तृतीयांश. गणित बरोबर आहे, फक्त पाव ग्रॅम आणायचं कुठून हा प्रश्न आहे. सर्नवालेच सांगतात की त्यांनी आजवर बनवलेलं सगळं अँटीमॅटर एकदम उडवलं तरी एखादा दिवा काही मिनिटं जळेल, बस. एक ग्रॅम बनवायला अब्जावधी वर्षं लागतील. पण सर्नवाले पण हुशार, चिडले नाहीत, उलट पिच्चरच्या निमित्तानं लोकांना खरं अँटीमॅटर समजावून सांगायला बसले. पिच्चरमधली कण एकमेकांवर आदळवायची २७ किलोमीटरची रिंग खरी आहे, ती मशीन २००८च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि नऊ दिवसांत बिघडून बंद पडली, म्हणजे पिच्चर थेटरात लागला तेव्हा खरी मशीन रिपेअरिंगमध्येच होती. भाच्याचा खरा आक्षेप वेगळा होता. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी पॉवर बँक का नाही ठेवली? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या कॉलनीत लाईट गेली की वॉचमनसुद्धा इन्व्हर्टर विचारते.

इतिहासाचंही तसंच. स्टोरीत व्हॅटिकनवर उठलेली इल्युमिनाटी ही गुप्त संघटना खरी होती, पण ती बव्हेरियात १७७६ला स्थापन झाली आणि गॅलिलिओ वारला १६४२ला. मध्ये एकशे चौतीस वर्षं. मेलेल्या माणसाला मेंबर केलं आहे, आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत करतात तसं. मला याचा राग येत नाही, कारण शिल्पकार बर्निनीच्या मूर्ती खऱ्या आहेत, ती चर्च खरी आहेत, आणि त्या मूर्तींची बोटं जिकडे दाखवतात तिकडे पळायला मजा येते.

भाच्यानं विचारलं हे खरं व्हॅटिकन आहे का. नाही. पहिल्या पिच्चरमुळे चर्चवाले इतके नाराज होते की आतमध्ये शूटिंगला परवानगीच दिली नाही. मग यांनी माणसं टुरिस्ट बनवून आत पाठवली, फोटो काढून आणले, आणि लॉस एंजेलिसमध्ये घोड्यांच्या रेसकोर्सच्या पार्किंगमध्ये सेंट पीटर्स चौकाचा सेट लावला, बाकीचं कॉम्प्युटरवर. रोममधले बाहेरचे रस्ते खरे, आतले काही महाल कासेर्ताच्या राजवाड्यातले. सगळं कळूनही डोळ्याला खोटं वाटत नाही, याला मी पूर्ण मार्क देतो. नाराजीचा शेवटही गंमतशीर, पिच्चर लागल्यावर व्हॅटिकनच्याच वर्तमानपत्रानं लिहिलं की निरुपद्रवी करमणूक आहे. एवढ्या मोठ्या कटाच्या पिच्चरला यापेक्षा मोठा अपमान काय असणार.

दोस्ताच्या तक्रारी मात्र त्यानं तेव्हाच इंटरव्हलमध्ये समोसा खाता खाता सांगितल्या होत्या. पोप गेल्यावर कारभार पाहते तो कॅमेर्लेंगो आमच्यात कार्डिनल असते, हा साधा फादर कसा काय. (खरंच, २०२५ला कॅमेर्लेंगो होते ते कार्डिनल फॅरेलच.) पण त्यानंच नंतर हेही सांगितलं की निवडताना उमेदवार कार्डिनलच पाहिजे असं नियमात नाही, बाप्तिस्मा झालेला कोणताही पुरुष चालते, त्यामुळे शेवटी ते याला पोप करायला निघतात तो भाग अगदीच हवेतला नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण जन्मभर सेमिनरी हिल्सवर फिरायला जातो ते सेमिनरी म्हणजे फादर घडवायची शाळा. इतकी वर्षं बोलून राहिलो, कधी विचारलं नाही.

आता माझी खरी तक्रार. कात्री चालवता चालवता यांनी काळीज कापलं.

पुस्तकात कॅमेर्लेंगो पोपला मारते कारण त्याला कळते की पोपला मूल आहे, म्हणजे ब्रह्मचर्याचं व्रत मोडलं, चर्चची फसवणूक झाली. त्याच्यासाठी तो माणूस बापासारखा, देवासारखा, आणि तोच खोटा निघाला. मग शेवटी सगळं उघडं पडल्यावर म्हातारा कार्डिनल त्याला सांगतो की व्रत मोडलंच नव्हतं, पोप आणि एका ननचं एकमेकांवर प्रेम होतं पण त्यांनी एकमेकांना हात लावला नाही, मूल झालं ते विज्ञानाच्या मदतीनं, कृत्रिम पद्धतीनं, आणि ते मूल तूच. म्हणजे ज्या विज्ञानाला संपवायला हा निघाला त्याच विज्ञानानं याला जन्माला घातलं आणि ज्याला मारलं तो खरोखरचा बाप. तो सगळ्या जगासमोर स्वतःला पेटवून घेते. मेलोड्रामा आहे का? शंभर टक्के. संगीत नाटकाच्या शेवटच्या अंकात शोभेल असा. पण ते लागते. मी एकवीस-बावीस वर्षांचा होतो, रात्री दोनला वाचून पुस्तक बाजूला ठेवलं आणि झोप आली नाही.

पिच्चरमध्ये तो फक्त पोपचा मानलेला मुलगा. पोप विज्ञानाच्या बाजूनं झुकायला लागला म्हणून मारलं. संपलं. रहस्य उघडते, तो आत जाऊन पेटवून घेते, आपण म्हणतो बरं. इवान मॅकग्रेगरनं काम एक नंबर केलं आहे, त्याचं कार्डिनलांसमोरचं भाषण पाहताना वाटते हाच पोप व्हावा, आणि म्हणूनच राग येते, एवढा नट हातात होता आणि त्याला बाप मारल्याचं दुःख दिलंच नाही, नुसतं एक मत दिलं. मतासाठी माणूस पेटवून घेते असं पटत नाही. भाच्याला विचारलं कसा वाटला शेवट, तो म्हणे ट्विस्ट भारी होता. मी म्हटलं ट्विस्ट कळला, पण वाईट वाटलं का? नाही म्हणे, कशाचं?

हेच तर.

हिरॉईनचंही तेच. पुस्तकात मेलेला शास्त्रज्ञ तिचा बाप असते, दत्तक घेतलेला, फादर आणि शास्त्रज्ञ दोन्ही. इथं तो सहकारी. त्यामुळे आयलेत झुरेरला नुसतं लॅटिन वाचायचं आणि काळजीत दिसायचं एवढंच काम उरलं. एक सीन तिचा लक्षात राहते, गॅलिलिओच्या चारशे वर्षं जुन्या पुस्तकाचं पान टर्रकन फाडून घेते. पुस्तकातही आहे हे. माझ्यासारख्या सोळा पानं हरवलेल्या माणसाच्या पोटात गोळाच आला.

चार कार्डिनलांचं काय, पुस्तकात चारही मरतात, पिच्चरमध्ये चौथ्याला कारंज्यातून जिवंत काढतात आणि तोच पुढं पोप होते. थोडं गोड झालं. पण कारंज्यात अनोळखी लोक उड्या मारून त्याला वर धरतात ते पाहून भाचा पहिल्यांदा मोबाईल ठेवून सरळ बसला, म्हणून माफ. लँग्डन हेलिकॉप्टरमधून ताडपत्री धरून उडी मारते आणि नदीत पडून वाचते, ते पिच्चरमध्ये काढून टाकलं यासाठी मात्र केपच्या पाया पडायला तयार आहे.

माझी सोळा पानं कुठं गेली ते शेवटी कळलं. कोहलरचं काम पिच्चरनं स्विस गार्डच्या, म्हणजे पोपच्या पहारेकऱ्यांच्या, कमांडरला देऊन टाकलं, स्टेलन स्कार्सगार्ड, पूर्ण वेळ संशयास्पद चेहरा करून फिरते तो. बंद दाराआड कॅमेर्लेंगोला जाब विचारायला आता तो जाते, आणि खरं काय झालं ते रेकॉर्डिंगमधून बाहेर येते. पुस्तकातही असंच कॅमेऱ्यातून बाहेर येते, हे मला खूप नंतर पूर्ण प्रत उसनी आणून वाचली तेव्हा समजलं. म्हणजे सीन वाचवला, माणूस बदलला. जोडकाम इतकं साफ आहे की न वाचलेल्याला शिवण दिसत नाही.

एक गोष्ट कोणत्याच पडद्यावर येणार नाही ती म्हणजे ते शब्द, उलटे-सुलटे सारखेच वाचता येणारे. ते जॉन लँग्डन नावाच्या माणसानं काढलेत आणि हिरोचं आडनाव त्याच्यावरूनच ठेवलं आहे. पुस्तक हातात फिरवून पाहायची जी मजा होती, माझ्या साठ रुपयांच्या प्रतीतही होती, ती इथं जळालेल्या छातीवर दोन सेकंद दिसून जाते. टीव्ही कोण उलटा करणार.

पाहणार असाल तर रात्री लाईट बंद करून पाहा, दुपारी नको. सगळा अंधारातला पिच्चर आहे, आमच्या पडद्यांतून येणाऱ्या उन्हात अर्धं रोम दिसलंच नाही. कूलर चालू असेल तर सबटायटल लावाच, कारण टॉम हँक्स महत्त्वाचं सगळं पुटपुटते. आणि हान्स झिमरचं संगीत टीव्हीच्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे सावजीत जाऊन वरणभात मागवणं, हेडफोन नाहीतर साउंडबार पाहिजेच. तीन पिच्चरचा सेट स्वस्तात मिळते म्हणून घ्यायचा विचार असेल तर घेऊ नका, तिसरा ‘इन्फर्नो’ मध्ये याहून मोठं काळीज कापलं आहे, पुस्तकात विषाणू आधीच पसरलेला असते, पिच्चरमध्ये वेळेवर थांबवतात, म्हणजे गोष्टच रद्द. फक्त इरफानसाठी पाहायचा असेल तर सुटा भाड्यानं घ्या. लोकांनाही कळलंच असेल, पहिल्यानं जगभरात साडेसातशे कोटी… चुकलो, साडेसातशे मिलियन डॉलरच्या वर कमावले, यानं पाचशेच्या थोडं खाली, तिसऱ्यानं सव्वादोनशेच्याही आत.

पाचातले साडेतीन देतो. सव्वाशे रुपये वसूल.

पिच्चर संपल्यावर भाचा म्हणाला, मामा ते पुस्तक आहे का घरी, बापाचं जे तू म्हणून राहिला ते वाचायचं आहे. कपाटावरून काढून दिलं, धूळ झटकून. आता हॉलमध्ये पडून वाचून राहिला आहे. सोळा पानांचं अजून सांगितलं नाही.